तिसरं कोटेशन

तिया लाला टरबूज घ्यायला उभी राहिली की विकणाऱ्यालाच आधी घाम फुटायचा. ती टरबूज वाजवायची, कानाशी धरायची, देठ बघायची, पलीकडच्या गाडीवरचा भाव चारचौघांना ऐकू जाईल असा सांगायची आणि शेवटी निम्म्या किमतीला ते काखोटीला मारून, वर एक लिंबू फुकट उचलून चालू लागायची. वाळवंटातल्या युमा गावाच्या पश्चिमेला, लेट्यूसच्या शेतांना लागून आमची गल्ली आहे. तिचं खरं नाव युलालिया बारागान आहे, हे तिथे पोस्टमनशिवाय कुणाच्या लक्षात नसे. लहानथोर सगळ्यांची ती तिया लाला, म्हणजे लालामावशी. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं बीन्स शिजवल्या आणि तिच्या हातचं खाऊन मोठी झालेली माणसं आता गावभर पसरली आहेत.

माझं घर तिच्या समोर, मध्ये फक्त डांबरी रस्ता. मी कपडे शिवते. मशीन खिडकीशी आहे, त्यामुळे तिच्या दारात कोण आलं, कोण गेलं, हे मला मान वर न करताही कळायचं.

ती मुळात एवढी चिवट नव्हती म्हणतात. तिचा नवरा आन्सेल्मो गेला त्या वर्षी छप्पर दुरुस्त करून देतो म्हणून एक गोडबोल्या आला. त्याने अर्धे पैसे आगाऊ घेतले, अंगणात डांबरी कागदाच्या दोन गुंडाळ्या टाकल्या आणि जो गेला तो गेलाच. तिया लाला तेव्हा काळ्या कपड्यांत होती. नवरा गेलेल्या बाईला कुणी लुबाडतं, ह्याचाच तिला जास्त धक्का बसला. पुढे ती कधीही म्हणायची, "एकदा फसले. आता मला फसवणारा जन्माला यायचाय."

मुलगी लग्न करून फ्रेस्नोला गेली. घरात ती एकटीच राहिली असती, पण तिचा धाकटा भाऊ फिदेन्सिओ मागच्या खोलीत राहायला आला. आयुष्यभर त्यांनी भाजीचा ट्रक चालवला. साखरेच्या दुखण्यात डाव्या पायाची बोटं गेली, तसा ट्रकही गेला. आम्ही त्यांना तिओ, म्हणजे मामा, म्हणायचो. दिवसभर खुर्चीत बसून बेसबॉल बघायचे आणि बहिणीची चेष्टा करायचे.

"लाला, तू स्वर्गाच्या दारात गेलीस ना, तर सेंट पीटरशी पण घासाघीस करशील. म्हणशील, पलीकडच्या दारात स्वस्त पडतंय."

"करीन. आणि तुझं तिकीट पण मीच कमी करून घेईन. तुला कुठे जमतंय?"

असं दोघांचं चालायचं.

आमच्या युमात एसीला कुणी चैन म्हणत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेर शेहेचाळीस-सत्तेचाळीस असतं, रात्रीसुद्धा भिंतींना हात लाववत नाही. घराला नळ असतो तसा छपरावर एसी असतो. तिया लालाच्या छपरावरचा आन्सेल्मोच्या हातचा होता. म्हणजे त्याने पसंत केलेला, त्याने हप्ते फेडलेला.

तो पहिल्यांदा बंद पडला तेव्हा तिओ येऊन दोन वर्षं झाली होती. माणूस आला, शिडी लावून वर गेला, पाव तासात खाली आला. एक कपॅसिटर गेला होता, सोडाच्या डब्याएवढा पत्र्याचा डबा. तो बदलला आणि एसी घरघरायला लागला. बिल झालं तीनशे डॉलरच्या घरात. तिया लालाने मुकाट दिलं, पण जुना डबा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून सुट्या भागांच्या दुकानात गेली आणि तसाच नवा केवढ्याला मिळतो ते विचारून आली. पंचवीस डॉलर.

त्या संध्याकाळी ती माझ्या दारात उभी होती. रागाने नाकपुड्या फुललेल्या.

"पंचवीसचा डबा, ओफेलिया! बाकीचे पैसे कशाचे?"

मी म्हटलं, "तिया, त्याची गाडी आहे, पेट्रोल आहे, विमा आहे. ह्या उन्हात तापलेल्या छपरावर चढायचं..."

"मी तीस वर्षं भट्टीसमोर उभी होते. कधी म्हटलं का पोरांना, बीन्सचे एवढे आणि मला उकडलं त्याचे वेगळे एवढे?"

 त्या दिवसापासून एसीवाले तिच्या लेखी छपरावाल्याचे भाऊबंद झाले.

पुढच्या उन्हाळ्यात गारवा कमी झाला. ह्या खेपेला दुसऱ्या दुकानातून एक बाई आली. डार्ला नोक्स तिचं नाव, चाळिशीची, खांद्याने रुंद, केस टोपीत कोंबलेले. बाई छपरावर चढते ह्याचंच तिओंना अप्रूप. डार्लाने तपासून सांगितलं, गॅस कमी झालाय.

"मग भर," तिया म्हणाली.

"भरते. पण मावशी, हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. आतल्या आत फिरत राहतो. तो कमी झालाय म्हणजे कुठेतरी भोक आहे. आज भरला तर पुढच्या वर्षी पुन्हा बोलवाल. आणि तुमच्या मशीनला लागतो तो जुना गॅस आता बनवणंच बंद झालंय. उरलासुरला आहे तो दरवर्षी महाग होणार. गळती शोधून कॉइल, म्हणजे गॅस फिरतो ती नळी, आत्ताच बदललीत तर..."

"केवढ्याला?"

डार्लाने आकडा सांगितला. तिया लाला हसली. तिचं ते बाजारातलं हसू मला ओळखीचं होतं.

"नुसता गॅस भर."

गॅस भरला. पुढच्या वर्षी पुन्हा भरला, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. दर खेपेला माणूस वेगळा, कारण तिया पाच ठिकाणी फोन करून सगळ्यांत स्वस्त कोण ते बघायची. दर खेपेला बिल मोठं. गॅसवर गेलेल्या पैशांत कॉइल कधीच येऊन गेली असती, पण हे तिला कुणी म्हणायचं?

मग एका वसंतात तो पोरगा आला. दारोदार फिरत होता, फुकट तपासणी करून देतो म्हणून. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅबलेट, गोड आवाज. मी तेव्हा तिच्याकडेच होते, तिओंच्या विजारी लांड्या करायला मापं घेत होते. पोरगा बाहेर जाऊन दहा मिनिटांनी आत आला. चेहरा असा केला होता, जणू घरात कुणी गेलंय.

"आजी, सांगायला वाईट वाटतं. तुमच्या मशीनमधून विषारी वायू घरात येतोय. आज रात्री इथे झोपणं धोक्याचं आहे. पूर्ण युनिटच बदलावं लागेल. आज सही केलीत तर चार हजारांची सूट आहे, उद्या मी देऊ शकणार नाही."

तिओंनी टीव्हीवरची नजर काढून त्याच्या पायांकडे बघितलं.

"लाला, जोडे बघ ह्याचे. काय चकाकतायत! छपरावर बोटभर धूळ आहे. हा उडत गेला होता की काय?"

शिडी आमच्यासमोर भिंतीला आडवी पडलेली होती, हलवलेलीसुद्धा नव्हती. तिया लाला सावकाश उठली.

"बाळ, तुझी आजी कुठे राहते?"

"माझी आजी? टेक्ससला..."

"तिला विकलास का हा एसी? नाही ना? मग आधी तिला विकून ये. ती घेते का ते बघते, आणि मग मी सही करते."

पोरगा गेटबाहेर पडेपर्यंत तिओ टाळ्या वाजवत होते. आठवडाभर गल्लीत दुसरा विषय नव्हता. पुढे कळलं की चार घरं पलीकडच्या म्हाताऱ्या जोडप्याने त्याच पोराच्या टॅबलेटवर सही केली होती, आणि धडधाकट मशीन काढून दुप्पट किमतीचं बसवून घेतलं होतं. मग तर तिया लालाचा मान आणखी वाढला. लोक तिला विचारून कामं करायला लागले. आणि तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. पूर्ण युनिट बदलायला सांगतो तो चोर.

त्याच वर्षी जुलैत, एका शुक्रवारी सकाळी, छपरावर मोठा खडखडाट झाला आणि एसी गप्प झाला.

उष्णतेची लाट चालू होती. गावातले निम्मे एसी आजारी, कुणी फोन उचलेना. तियाच्या नशिबाने डार्ला नोक्स पलीकडच्या गल्लीत काम करत होती, मीच तिला हाक मारून आणली. ती वर गेली आणि बराच वेळ वरच होती. खाली आली तेव्हा हात काळे झाले होते, मानेवर मिठाचे पांढरे डाग. तिने पाणी मागितलं, एका घोटात संपवलं आणि पायरीवर बसूनच बोलली.

"मावशी, कॉम्प्रेसर जळलाय. गॅस कमी असताना तो वर्षानुवर्षं ओढत राहिला, त्याचा जीव गेला. नुसता कॉम्प्रेसर बसवून देते म्हटलं तर तीन हजार होतील, पण कॉइल गळकीच आहे, पुढच्या उन्हाळ्यात तोही जाईल. तुमचे पैसे पाण्यात घालायला मला आवडणार नाही. पूर्ण युनिटच बदलावं लागेल."

तेच शब्द. मी तिया लालाच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं की पुढचं तिला काही ऐकूच जाणार नाही.

"केवढ्याला?"

"साडेनऊ हजारांच्या आसपास. माझ्या एकटीच्या शब्दावर जाऊ नका, आणखी दोन ठिकाणी विचारा, मला राग नाही. पण विचाराल तोवर ह्या घरात राहू नका. निदान खिडकीत बसतो तो छोटा एसी आणा, एका खोलीपुरता. तीनशेत येईल. ह्यांना त्या खोलीत ठेवा." तिने तिओंकडे बोट दाखवलं.

"तुम्ही सगळे एकाच शाळेत शिकता का गं?" तिया म्हणाली. "तो गोड बोलून लुटतो, तू घाम दाखवून. आधी मोठा एसी, तो नाही खपला तर छोटा. जा बाई."

 डार्लाने टोपी घातली, तपासणीचे पैसे घेतले आणि निघाली. गेटपाशी वळून म्हणाली, "मावशी, उन्हाळा कुणाशी घासाघीस करत नाही." तियाने दार लावून घेतलं.

तिया लाला मूर्ख नव्हती, म्हणून हे नीट सांगते. ती हातावर हात ठेवून बसली नाही. दुपारभर फोन लावले. एकाने फोनवरच डार्लाच्या आसपासचा आकडा सांगितला. दुसरा म्हणाला, मंगळवारी येऊन बघतो, मग सांगतो. तियाने मंगळवार पक्का केला. दोन आकडे हातात होते, तिसरा आला की ठरवायचं. आयुष्यभर ती अशीच वागत आली होती आणि सहसा तिचंच बरोबर निघालं होतं. मधले दिवस कसेतरी काढायचे.

मी म्हटलं, दोघं माझ्याकडे या. शनिवारी सकाळी तिओ आले, माझ्या सोफ्यावर बसून सामना बघितला, माझ्या कात्रीला नावं ठेवली. तिया आली नाही. तिला दुसऱ्याच्या घरी बसायची लाज वाटायची, आपण अडचणीत आहोत हे चार लोकांना दिसतं म्हणून. संध्याकाळी तिओ उठले.

"झोपा इथेच," मी म्हटलं.

"आणि ती? ती एकटी तिथे पंख्याशी भांडत बसेल. माझ्याशी भांडली की निदान तिला बरं वाटतं."

रविवारी सकाळी मी बर्फ घेऊन गेले. पडदे ओढलेले, चार पंखे चालू, खिडक्यांवर ओल्या चादरी. पंखे गरम वारा इकडून तिकडे ढकलत होते, बस. तिओ बनियनवर बसले होते, चेहरा लाल, पण बोलणं तेच.

"ओफेलिया, मी आता वाफवलेला तमाले झालोय. मक्याच्या पानातून काढ आणि वाढ."

"तिओ, चला ना माझ्याकडे."

"जेवण झालं की येतो. हिने सूप केलंय. ह्या उकाड्यात सूप! माझा जीव घ्यायचा विचार आहे हिचा."

"गप बस आणि पाणी पी," तिया आतून ओरडली.

ते पाणी पीत होते. पण ते रक्तदाबाच्या आणि अंगातलं पाणी काढायच्या गोळ्या घेत, आणि त्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला उन्हाळा वेगळाच असतो, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. जेवून ते मागच्या खोलीत आडवे झाले. तिया म्हणाली, डोळा लागलाय, उठला की पाठवते.

दुपारी मी मशीनवर होते. समोरचं दार उघडलं आणि तिया लाला रस्त्यावर आली. मला आधी काही कळेना, तिच्या चालण्यात काहीतरी चुकत होतं. मग दिसलं, पायात काही नव्हतं. त्या वेळचं आमचं डांबर म्हणजे तवा, कुत्रीसुद्धा त्यावर पाय टेकत नाहीत. ती मात्र धावत नव्हती, भराभरा चालत होती, दोन्ही हात पुढे धरून.

"फिदेन्सिओ उठत नाही," ती म्हणाली. "अंगाला हात लावला तर कोरडं आहे. घामच नाही. एवढ्या उकाड्यात घाम कसा नाही त्याला?"

ॲम्ब्युलन्स लवकर आली. त्या पोरांनी त्यांच्या काखांत, मानेखाली बर्फ ठेवला. ताप बेचाळीस अंश सेल्सिअसच्या वर गेलेला. दवाखान्यात त्यांना शुद्ध आलीच नाही, संध्याकाळी ते गेले. तियाच्या तळव्यांची कातडी निघून आली होती. नर्सने तिला खुर्चीत बसवलं तेव्हा तिला ते कळलं, आणि तेव्हाही ती पायांकडे बघून म्हणाली, "हे कधी झालं?"

सोमवारी काउंटीचा, म्हणजे जिल्हा सरकारचा, एक माणूस आला. उष्णतेने कुणी गेलं की चौकशी करावी लागते. सभ्य होता बिचारा, आवाज खाली ठेवून विचारत होता.

"घरात एसी आहे?"

"आहे."

"चालू होता?"

तिया लालाने उत्तर दिलं नाही. तो थांबला, मग त्याने स्वतःच मान हलवली.

मंगळवारी सकाळी ठरल्या वेळी तिसरा माणूस दारात उभा राहिला. त्याला काय माहीत असणार? मी त्याला परत पाठवायला निघाले, तर आतून तियाचा आवाज आला, "येऊ दे त्याला." ती पायांना पट्ट्या बांधून, तिओंच्याच खुर्चीत बसली होती. मुलगी फ्रेस्नोहून आली होती, ती दफनाचं बोलायला चर्चमध्ये गेलेली. माणूस छपरावर गेला आणि खाली येऊन त्याने सांगितलं, कॉम्प्रेसर जळलाय, कॉइल गळतेय, मशीन जुनं झालंय, दुरुस्तीत पैसे घालू नका. आणि आकडा सांगितला. डार्लाच्या आकड्यात आणि त्याच्यात दीडशे डॉलरचा फरक असेल.

तो आता घासाघीस होईल म्हणून तयारीत उभा होता. हमी किती, हप्ते कसे, जुनं मशीन कोण उचलून नेणार, सगळं घडाघडा सांगायला लागला. तिया लाला त्याच्याकडे बघत होती, पण ऐकत होती असं वाटलं नाही.

"बसवा," ती म्हणाली.

मी तिला इतकी वर्षं ओळखते. किंमत ऐकून नुसतं "बसवा" म्हणताना मी तिला तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

दफनाला सगळी गल्ली होती. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण कोपऱ्यावरच्या दुकानात कुणीतरी म्हणालंच की पैसे वाचवायला गेली आणि भाऊ घालवून बसली. ते फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचलं. एकदा मी तिच्या पट्ट्या बदलत होते तेव्हा ती आपणहून बोलली.

"पैसे होते गं. शाळेच्या पेन्शनमधले बाजूला ठेवलेले होते. पैसे जातील म्हणून नाही थांबले मी. ती बाई मनात हसेल म्हणून थांबले. म्हणेल, म्हातारीला गुंडाळली." मग म्हणाली, "त्या पोराला हाकललं तेव्हा फिदेन्सिओने टाळ्या वाजवल्या. तो एवढा खूश झाला होता. त्या टाळ्याच मला नडल्या बघ."

मी पट्टी बांधली आणि उठले.

नवा एसी आवाजही करत नाही. तिया लालाच्या घरात आता थंडगार असतं आणि ती आपली शाल पांघरून बसलेली असते. मागच्या खोलीत हवा जाण्याची जाळी तिने कापड कोंबून बंद केली. मुलगी फ्रेस्नोला चल म्हणून मागे लागली, ती गेली नाही. बाजारात जाते, पण टरबूज वाजवत नाही. एकदा विकणाऱ्यानेच विचारलं, "काय तिया, आज भाव नाही करायचा?" ती पैसे ठेवून निघून आली.

एक मात्र झालं. गल्लीत कुणाचा एसी बिघडला की ती न बोलावता जाते. काठी टेकत, कारण तळवे पूर्वीसारखे झालेच नाहीत. दारात उभी राहून कारागिराला विचारते, मशीन किती वर्षांचं आहे, कुठला भाग गेला तो काढून दाखव, मजुरी वेगळी सांग, भाग वेगळा सांग, कंपनीकडे हमीची नोंद केलीय का. कारागीर चिडतात, पण उत्तरं देतात. आणि मग घरमालकाकडे वळून एकच सांगते, "आणखी एकाला विचार, जरूर विचार. पण विचारेपर्यंत इथे झोपू नकोस. म्हाताऱ्यांना आत्ता बाहेर काढ."

ह्या मे महिन्यात माझा बिघडला. मी डार्ला नोक्सलाच फोन केला. ती एकदा वर जाऊन तपासून आली आणि नवा भाग घेऊन पुन्हा शिडी लावत होती तेव्हा तिया लाला रस्ता ओलांडून आली. दोघींनी एकमेकींना ओळखलं. डार्लाने टोपी काढली.

"मावशी, मी ऐकलं. मी रविवारी एकदा येऊन बघायला हवं होतं."

"कशाला? मी दार उघडलं नसतं."

"तरी यायला हवं होतं."

तिया लाला छपराकडे बघत उभी राहिली. मग तिने विचारलं, "हिच्या मशीनला काय झालंय?"

"कपॅसिटर गेलाय. अडीचशे होतील."

"बरं," तिया म्हणाली आणि डार्लाला शिडी नीट लागावी म्हणून खालची वीट पायाने सरकवून दिली. डार्ला वर गेली. तिया थोडा वेळ शिडीला हात लावून उभी होती. मग ऊन फार झालं म्हणाली, आणि रस्ता ओलांडून आपल्या घरी निघून गेली.